एकोणीस वेळा दाबलेली एक्सची कळ

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. काळा, जाडजूड आणि वायरवाला. माझ्या ए, ई आणि एन या कळांवरची अक्षरं कधीच पुसून गेली आहेत. पण ज्या बाईनं मला सर्वांत जास्त वापरलं, तिचं त्यावाचून काहीच अडलं नाही. तिला ती अक्षरं दिसतच नव्हती.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथं शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायची. ती प्रत्येक कीबोर्डची प्रत्येक कळ एकदा दाबून बघायची आणि मग एफ आणि जे या दोन कळांवरून बोट फिरवायची. या दोन कळांवर बारीकसे उंचवटे असतात. तुमच्या घरातल्या कीबोर्डवरही ते असतील, हात लावून बघा. न बघता टाइप करणाऱ्याला आपली बोटं कुठं आहेत हे त्यावरून कळतं. माझे उंचवटे तपासून ती बाई म्हणाली, "हा चांगला आहे." आयुष्यातलं पहिलं कौतुक! मी खोक्यात शिरलो तोच मुळी छाती फुगवून.

खोकं उघडलं ते एका रुग्णालयात. तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, एक काचेची केबिन होती. तिच्यात एक टेबल, दोन टेलिफोन, एक संगणक आणि फिरती खुर्ची. खुर्चीत बसणाऱ्या टेलिफोन ऑपरेटरला सगळं रुग्णालय ताई म्हणायचं, अगदी तिच्याहून वीस वर्षांनी मोठे डॉक्टरसुद्धा. ताई जन्मापासून आंधळी होती. पहिल्या दिवशी तिनं मला दोन्ही हातांनी चाचपलं, माझे उंचवटे शोधले आणि स्वतःशीच म्हणाली, "चला, जमेल आपलं."

आणि जमलं की! अकरा वर्षं जमलं.

ताईच्या संगणकात एक वाचणारं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर जे असेल ते तिच्या कानात वाचून दाखवायचं. माउसला तिनं कधी हात लावला नाही, कारण बाण कुठं आहे हे न दिसणाऱ्या माणसाला माउस काय कामाचा? तिचा सगळा कारभार माझ्यावर चालायचा. एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी, बी दाबलं की पुढच्या बटणावर, आणि एक्स दाबलं की पुढच्या चौकोनावर, ज्यात बरोबरची खूण करतात त्या चौकोनावर. या उड्या त्या वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या होत्या. ताई त्या इतक्या झपाट्यानं मारायची की बघणारे काचेपाशी थबकायचे.

रोज सकाळी तिचं एक ठरलेलं काम असे. दुसऱ्या दिवशी डायलिसिससाठी येणाऱ्या रुग्णांना फोन करायचा. ज्यांची मूत्रपिंडं काम करेनाशी होतात, त्यांचं रक्त यंत्रानं शुद्ध करावं लागतं, आठवड्यातून दोनदा-तीनदा. ती पाळी चुकवून चालत नाही. यंत्रं मोजकी, रुग्ण जास्त. म्हणून ताई एकेकाला विचारायची, "उद्या येताय ना?" हो म्हटलं की एक्स दाबून चौकोनावर उडी, खूण, आणि पुढचा फोन. नाही म्हटलं की खूण न करता खालच्या बाणानं पुढच्या नावावर. एक्सची कळ ती फोनवर बोलता बोलता, हसता हसता दाबायची. तिच्या बोटांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

मग रुग्णालयानं नवी वेबसाइट करायचं ठरवलं, आणि ते काम ताईच्या सख्ख्या धाकट्या बहिणीला मिळालं. धाकटी वेबसाइट बनवण्यात तरबेज होती. दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या. ताईला केवढा अभिमान! फोनवर ओळखीच्या रुग्णांना सांगायची, "आमची धाकटी करतेय हं नवं पान. माझ्यासाठी खास सोय करणार आहे."

पान सुरू व्हायच्या दिवशी धाकटी स्वतः केबिनमध्ये आली. "ताई, तुझ्यासाठी शॉर्टकट टाकलेत," ती म्हणाली. "एकेका अक्षरावर एकेक काम. बटण शोधत बसायला नको. खात्री केलीस की पान आपोआप पुढच्या नावावर जाईल."

"अगं, पण कुठल्या अक्षरावर काय?"

"पानावरच यादी दिलीय ना! प्रश्नचिन्ह दाब, की उघडते." तेवढ्यात वरच्या मजल्यावरून तिला बोलावणं आलं. "काही अडलं तर हाक मार," म्हणून ती पळाली.

ताईनं प्रश्नचिन्ह दाबलं. कानातला आवाज म्हणाला, "चित्र."

तिनं पुन्हा दाबलं. "चित्र."

यादी होती खरी, पण ती चित्राच्या रूपात चिकटवलेली. डोळस माणसाला त्यात सगळं छान दिसलं असतं. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला चित्रातली अक्षरं वाचता येईनात. ताई हसली. "असू दे, धाकटी कामात आहे. संध्याकाळी घरी विचारते." आणि तिनं पहिला नंबर फिरवला.

पहिलं नाव एका म्हाताऱ्या घड्याळजींचं होतं. ताई त्यांना घड्याळआजोबा म्हणायची. "आजोबा, उद्या सकाळी आठला. येताय ना?"

"येतो तर! न येऊन सांगतो कुणाला?"

ताई हसली, फोन ठेवला आणि सवयीनं एक्स दाबलं. कानात दुसऱ्या रुग्णाचं नाव आलं. धाकटी म्हणालीच होती, पान आपोआप पुढच्या नावावर जाईल. ताईला वाटलं, खूण झाली. काम खरंच सोपं झालं की! तिनं दुसरा फोन लावला. त्या सकाळी तिनं बावीस जणांना फोन केले. तिघं म्हणाले, उद्या जमणार नाही. त्यांच्यासाठी तिनं खालचा बाण दाबला. एकोणीस जण हो म्हणाले. त्यांच्यासाठी तिनं एक्स दाबलं. एकोणीस वेळा.

मित्रांनो, मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. कीबोर्डला आपली कळ दाबली गेली एवढंच कळतं. पुढं तिचं काय झालं, हे पलीकडचं पान ठरवतं.

काम कुठं अडलंच नाही, म्हणून ताईचं संध्याकाळी घरी विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता काचेपलीकडे गलका सुरू झाला. आधी एक आवाज, मग चार, मग सगळा व्हरांडाच बोलू लागला. "रद्द कशी? मला काल फोन आला होता!" "माझ्या भावाचं डायलिसिस होऊन तिसरा दिवस आहे हो!" काउंटरवरची मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती, "तुमची नोंद रद्द झालीय. ती जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला गेली. यंत्र रिकामं नाहीये." पान रद्द झालेली जागा तत्काळ दुसऱ्याला देऊन टाकत होतं. आणि गंमत म्हणायची की क्रूर थट्टा, जे तिघं येणार नाही म्हणाले होते, त्यांच्या नोंदी शाबूत होत्या. त्यांची यंत्रं रिकामी पडून होती आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं!

ताई खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. तिची बोटं माझ्यावर होती, पण एकही हलत नव्हतं.

तेवढ्यात एका बाईचा आवाज चिरत आला. "बाबा! अहो बाबा, काय होतंय? कुणीतरी या ना!" ती घड्याळआजोबांची सून होती. बाकावर बसल्या बसल्या आजोबांना दम लागला आणि ते कलंडले. स्ट्रेचरची चाकं खडखडत केबिनसमोरून गेली. ताईनं आवाजावरून सुनेला ओळखलं होतं. ती ताडकन उठली, तेव्हा तिचा पंजा माझ्यावर टेकला आणि माझ्या सात-आठ कळा एकदम दाबल्या गेल्या.

थोड्या वेळानं व्यवस्थापक आत आले. हातात कागद.

"ताई, काल एकोणीस नोंदी रद्द झाल्यात. सगळ्या तुमच्या खात्यातून."

"मी? मी नाही रद्द केल्या. मी तर खात्री केली सगळ्यांची."

"दहा वाजून दोन मिनिटं, दहा पाच, दहा नऊ... वेळा लिहिल्यात इथं. तुमचाच संगणक, तुमचाच कीबोर्ड."

"साहेब, अकरा वर्षांत एक चूक दाखवा माझी!"

व्यवस्थापक हळू आवाजात म्हणाले, "तुमचा दोष नाही हो. आमचंच चुकलं. डोळ्यांचं काम आम्ही तुम्हाला दिलं."

ते वाक्य मी ऐकलं आणि गार पडलो. शिवी दिली असती तर ताई भांडली असती. या सहानुभूतीला ती काय उत्तर देणार? तिनं हेडफोन काढला, नीट टेबलावर ठेवला, काठी घेतली आणि गेली. दारापाशी तिला कुणीतरी धरायला गेलं. अकरा वर्षांत तिला त्या दारातून कुणी धरून नेलं नव्हतं.

आणि माझी अवस्था काय सांगू? व्यवस्थापक खोटं बोलत नव्हते. एकोणीस वेळा एक्स दाबलं गेलं होतं, मी साक्षीदार होतो. ताईही खोटं बोलत नव्हती. ती चौकोनावर उडी मारत होती, याचाही मीच साक्षीदार होतो. दोघंही खरं बोलत होते आणि मधल्या मध्ये एक माणूस स्ट्रेचरवर गेला होता. माझ्या एका कळेनं! जिच्यावर त्या कारखान्यातल्या बाईचं बोट टेकलं होतं, त्या माझ्या कळेनं.

दुपारी धाकटी आली. व्यवस्थापकांनी तिला बोलावून सांगितलं होतं की ऑपरेटरकडून घोटाळा झालाय, रद्द करायचं बटण जरा भडक रंगाचं करा. ती एकटी आली नाही, ताईला बरोबर घेऊन आली. दोघींचे डोळे रडून सुजले होते.

"साहेब, रंग नंतर बघू," धाकटी म्हणाली. "आधी मला बघू द्या काय झालं ते. ताई, मी खोटी नावं घातलीत. काल जसं केलंस, अगदी तस्सं कर."

ताईनं हेडफोनची पिन काढून टाकली. आता वाचणारा आवाज सगळ्या केबिनमध्ये ऐकू येऊ लागला. त्यानं पहिलं नाव वाचलं. ताईनं फोन केल्याचं नाटक केलं आणि एक्स दाबलं. आवाजानं शांतपणे दुसरं नाव वाचलं.

"झालं," ताई म्हणाली. "खूण झाली. मग पुढचा फोन."

धाकटी पडद्याकडे बघत होती. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी उमटली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'नोंद रद्द झाली.' तीन सेकंदांत ती विरूनही गेली. आवाजानं तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"ताई," धाकटी म्हणाली, "तू एक्स का दाबलंस?"

"चौकोनावर जायला. एक्सनंच जातात."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? माझ्या वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून आहे ते. आम्ही सगळेच तसं करतो."

धाकटी मटकन खाली बसली. खुर्ची नव्हती, जमिनीवरच. रद्द करणं म्हणजे फुली, आणि फुली म्हणजे एक्स, असा तिनं विचार केला होता. पान तयार करताना तिच्या लक्षात आलं होतं की वाचणारं सॉफ्टवेअर अक्षरं वाटेतच अडवतं आणि तिचे शॉर्टकट पानापर्यंत पोचत नाहीत. मग तिनं एक ओळ लिहून सगळ्या कळा थेट पानाच्या ताब्यात दिल्या होत्या. ते ही अक्षरं कशासाठी अडवतंय, हे शोधायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिला ती अडचण वाटली होती. ती ताईची चालायची वाट होती.

"ऊठ," ताई म्हणाली. तिनं हात लांबवून पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. "आता तू कर. फक्त यादी उघडून दाखव मला."

धाकटीनं माझ्यावर बोटं ठेवली. प्रश्नचिन्ह दाबलं.

"चित्र," आवाज म्हणाला.

तिनं पुन्हा दाबलं. "चित्र." टॅब दाबलं. आवाज गप्प. घाबरून तिनं आणखी एक-दोन कळा दाबल्या, आणि आवाजानं भराभर दोन नवी नावं वाचली. "अगं, काय केलं मी? मी काही रद्द केलं का? कळतच नाहीये!" धाकटीनं हात असे झटकन मागं घेतले, जणू मी तापलेला तवा होतो. स्वतः बनवलेलं पान, आणि एका मिनिटात ती त्यात हरवली होती.

व्यवस्थापकांच्या हातातला कागद खाली आला होता.

"सात महिने," धाकटी म्हणाली. "सात महिने मी हे तुझ्यासाठी बनवत होते, ताई. तू पलीकडच्या खोलीत झोपतेस. रोज एका टेबलावर जेवतो आपण. आणि मी तुला एकदा, एकदासुद्धा विचारलं नाही की तू संगणक कसा चालवतेस."

मित्रांनो, त्या दोन दिवसांत मी बरेच हादरे खाल्ले. पण हा सर्वांत मोठा होता. परक्या माणसानं दुर्लक्ष केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. हे तर माणूस समोर बसलेलं, मायेनं भरलेलं, आणि तरी विचारायचं राहून गेलेलं!

संध्याकाळी केबिनपाशी जमलेल्या सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर धाकटी उभी राहिली. व्यवस्थापकांनी तिला आधी सुचवून पाहिलं होतं, तांत्रिक बिघाड म्हणून मोकळ्या व्हा, कशाला वाढवता? तिनं ऐकलं नाही. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "ताईनं बरोबर तेच केलं जे तिनं करायला हवं होतं. मी तिच्या बोटांखालची कळ न सांगता बदलली. शॉर्टकट सगळे आजच काढून टाकते."

"थांबा, थांबा!" मागून आवाज आला. नोंदणी विभागातले काका उठले होते. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात निकामी झाला होता. "सगळे काढू नका, बाई. माझं काय? मला माउस धरवत नाही, दोन कळा एकदम दाबवत नाहीत. एका अक्षरात काम होतं म्हणून काल कितीतरी दिवसांनी मी वेळेवर घरी गेलो. तुमचं ते एक्स कुणाच्या जिवावर उठलं असेल, पण माझ्यासाठी तो हातच आहे."

सगळे गोंधळले. आता कुणाचं ऐकायचं?

ताई बोलली. "काढा असं मी कुठं म्हणतेय? मी स्वतः दिवसभर शॉर्टकटवरच जगते. पण माझे मला ठाऊक असलेले. काकांना हवेत तर काकांनी चालू करावेत. मला नकोत तर बंद राहू देत. आणि मुळात बंदच असावेत, ज्याला हवेत त्यानं उघडावेत. अक्षर जमत नसेल तर बदलता यावं. यादी वाचता यावी. आणि कुणाची जागा जाणार असेल, तर पानानं तोंडानं विचारावं, रद्द करू का म्हणून. एवढंच. फार मागतेय का?"

फार नव्हतंच ते. धाकटीनं चार दिवसांत केलं. त्या चारही दिवशी ती ताईच्या केबिनमध्ये जमिनीवर बसून काम करायची आणि दर तासाला विचारायची, "हे कसं वाटतं?" व्यवस्थापकांनी ताईची माफी मागितली. मागताना ते अडखळले, पण मागितली.

त्या एकोणीस जणांसाठी डॉक्टरांनी यंत्रं जादा वेळ चालवली. कुणाचा जीव गेला नाही. मात्र घड्याळआजोबा सहा दिवस अतिदक्षता विभागात होते. ताईनं एकोणीस जणांना स्वतः फोन केला. कुणी समजून घेतलं, कुणी तोंडाला येईल ते बोललं. ताईनं दोन्ही ऐकून घेतलं. आजोबांचा फोन तिनं शेवटी लावला, सातव्या दिवशी. सुनेनं त्यांच्या कानाला मोबाइल धरला.

"आजोबा, मी टेलिफोनवरची ताई."

"ओळखलं. तुम्ही विचारलंत, येताय ना, आणि मी हो म्हटलं होतं." आवाज क्षीण होता. "मग मला वाटलं, माझं बोलणंच तुम्हाला ऐकू गेलं नाही की काय."

"गेलं होतं आजोबा. अगदी नीट ऐकलं होतं मी."

"मग ठीक," आजोबा म्हणाले. "परवा पुन्हा पाळी आहे. विचारा."

"परवा येताय ना?"

"येतो."

ताईनं एक बोट माझ्यावर ठेवलं, पण कळ लगेच दाबली नाही. आधी आवाजाला सगळं वाचू दिलं, नाव, तारीख, वेळ. मग खूण केली. मग पुन्हा एकदा वाचून घेतलं. अकरा वर्षांचा तो झपाटा मात्र पुढं कितीतरी महिने परतला नाही.

आता मी म्हातारा झालोय. माझ्या काही कळा अडकतात, म्हणून रुग्णालयानं ताईला नवा कीबोर्ड दिला. मला धाकटी घेऊन गेली. तिच्या कार्यालयात मी एका रिकाम्या टेबलावर असतो, शेजारी एक संगणक, पडदा कायम बंद. दर गुरुवारी ताई येते. धाकटीनं जे काही नवं बनवलं असेल ते ताई माझ्यावर चालवून बघते. कधी कधी नोंदणीवाले काकाही येतात आणि डाव्या हाताच्या एका बोटानं माझी परीक्षा घेतात. आणि दर गुरुवारी, न चुकता, काहीतरी असं निघतंच की धाकटी तोंडावर हात ठेवते. "अगं बाई! हेही तुझ्यापर्यंत पोचत नाही का?"

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या पानं बनवेल, कुणी यंत्रं बनवेल, कुणी नुसतीच दुसऱ्याची सोय करू बघेल. ज्याच्यासाठी करताय, त्याला आधी शेजारी बसवा आणि त्याचे हात कसे चालतात ते बघा. तुम्हाला धक्का बसेल. बसू द्या. धाकटीला अजून दर गुरुवारी बसतो, म्हणून मी निश्चिंत आहे. ज्या गुरुवारी तिला काहीच आश्चर्य वाटणार नाही, त्या गुरुवारी मला भीती वाटेल.